मनमिळाऊ कुत्रा पुन्हा पुन्हा परत येतोय? काय तपासायचं, कुठे दुरुस्त करायचं

शेल्टरमध्ये, म्हणजे नवं घर मिळेपर्यंत कुत्रे ठेवतात त्या निवाऱ्यात, काम केलेल्या प्रत्येकाला असा एक तरी कुत्रा आठवतो. कोणीही आलं की शेपटी हलवत जाळीपाशी हजर. पोरांचे हात चाटतो, सुई टोचणाऱ्या डॉक्टरांच्या मांडीत डोकं घालतो, नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी लळा लावतो. आणि तरी तीन घरं बघून तीनदा परत आलेला असतो.

आमचा भुऱ्या असाच. अंदाजे दीड वर्षाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. पहिल्या घरातून नवव्या दिवशी परत आला, कारण दाराची चौकट कुरतडली. दुसऱ्या घरात तीन आठवडे टिकला. तिथल्या आजी बाहेरून आल्या की हा अंगावर उडी घ्यायचा आणि एकदा त्या पडल्या. तिसऱ्या घरातून चौथ्या दिवशी फोन आला, आमच्या कुत्रीशी याचं जमत नाही, घेऊन जा. दर वेळी आम्ही हळहळलो, लोकांना धीरच नाही असं म्हणालो आणि जुनीच जाहिरात पुन्हा लावली: "अत्यंत मनमिळाऊ. सगळ्यांशी जमतं. कुठल्याही घरात रमेल."

या ओळीमुळेच नको ती घरं येत होती, हे कळायला आम्हाला तीन फेऱ्या लागल्या. मनमिळाऊ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोशिक, सांभाळायला सोपा कुत्रा येतो. पण माणसांची अतोनात ओढ असलेला कुत्रा बरेचदा सांभाळायला जड असतो. त्याला एकटं राहवत नाही, माणूस दिसला की आवरत नाही, रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की दोरी हाताला कापते. स्वभाव चांगलाच आहे, त्यात शंका नाही. पण स्वभाव चांगला आहे एवढ्या माहितीवर घर ठरवता येत नाही.

आधी बघा, गाडी अडते कुठे

दोन वेगळ्या अडचणी असतात आणि आपण त्या एकत्र कालवतो. एक म्हणजे कुत्र्याला कोणी नेतच नाही. दुसरी म्हणजे नेतात आणि परत आणतात. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा शेल्टरमधल्या भेटीत किंवा जाहिरातीत असतं. दुसरीचं मूळ जोडी जुळवण्यात किंवा घरातल्या पहिल्या काही दिवसांत. कोणती अडचण आहे ते न ठरवता नुसते नवे फोटो काढत बसलात, तर जास्त लोक येतील आणि कुत्रा जास्त वेळा परत येईल.

कोणी नेत नसेल तर

जाळीमागचा कुत्रा हा त्याचा सगळ्यात वाईट नमुना असतो. कुत्र्यांच्या सामूहिक निवाऱ्यातला आवाज अनेकदा 100 डेसिबलच्या वर जातो, हे मोजून पाहिलेलं आहे. प्रौढ कुत्रा चोवीस तासांतला जवळजवळ अर्धा वेळ झोपेत किंवा पेंगत काढतो; तिथे ती झोप मिळत नाही. अशा अवस्थेत पाहुणा समोर आला की तो भुंकतो, जाळीवर उड्या मारतो, गोल गोल फिरतो. बघणाऱ्याला वाटतं, हा अवघड दिसतोय.

पाहुणे कुत्रा कशावर निवडतात, याचं 2014 साली अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन यांनी अमेरिकेतल्या एका शेल्टरमध्ये निरीक्षण केलं. कुत्रा पिंजऱ्याबाहेर काढून भेट घडवली, तेव्हा कुत्र्याच्या दोनच गोष्टींचा निर्णयाशी ठळक संबंध दिसला. माणसाने खेळायला बोलावलं तर तो दुर्लक्ष करतो का, आणि तो माणसाजवळ आडवा होतो का. बस. त्याच्या बाकीच्या वागण्याने तसा फरक पडत नव्हता.

आम्ही हे मनावर घेतलं आणि भेटीची पद्धत बदलली. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी कुत्र्याला लांब फिरवून आणायचं, शी-शू उरकायची, पाणी पाजायचं. भेट मोकळ्या मैदानात ठेवायची नाही, कारण तिथे कुत्रा वास घेत लांब जातो आणि पाहुणे त्याच्या पाठीकडे बघत राहतात. लहान, शांत खोली घ्यायची. त्याला जो खेळ खरोखर आवडतो तोच पाहुण्यांच्या हातात द्यायचा. चेंडूकडे न बघणाऱ्या कुत्र्यापुढे चेंडू टाकून उपयोग नाही. मग पाहुण्यांना बसवायचं आणि कुत्रा पायाशी आडवा झाला की हळूच खाऊ द्यायचा. यात फसवणूक नाही. शांत असताना तो जसा असतो तसा तो दिसावा, एवढीच व्यवस्था आहे.

जातीबद्दल एक सांगतो, कारण यावर फार वाद होतात. तोंडवळा बघून मिश्र कुत्र्याच्या जातीचा अंदाज लिहू नका. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी 2018 साली शेल्टरमधल्या 900 हून अधिक कुत्र्यांचे डीएनए तपासले. कर्मचाऱ्यांना कुत्र्यातली किमान एक जात बऱ्याचदा ओळखता आली, पण एकापेक्षा जास्त जाती बरोबर सांगण्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे "अमुक मिक्स" या दोन शब्दांवरून कोणी कुत्रा नाकारत असेल किंवा भलत्या अपेक्षेने नेत असेल, तर तो निर्णय अंदाजावर उभा आहे. त्याच मंडळींच्या 2016 च्या अभ्यासात, दिसायला सारखेच असलेले कुत्रे केवळ पिट बुल म्हणून नोंदवल्यामुळे जास्त दिवस शेल्टरमध्ये पडून राहिल्याचं दिसलं होतं.

परत येत असेल तर: कागद पुन्हा काढा

इथेच खरा शोध लागतो. परतीचा फॉर्म भरून घेताना आपण कारण विचारतो आणि समोरचा एक शब्द लिहितो. जमलं नाही. आक्रमक. फार चंचल. यातून काहीच कळत नाही. आम्ही फॉर्म फेकून दिला आणि बोलून विचारायला लागलो. दिवसाच्या कुठल्या वेळी झालं? त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत घरात काय चाललं होतं? कुत्रा कुठे होता, कोण कोण होतं, नंतर तुम्ही काय केलंत? हे पहिल्यांदा घडलं तेव्हा कसं होतं?

हे विचारताना आवाजात ठपका असता कामा नये. कुत्रा परत आणणारा माणूस बहुतेक वेळा आधीच शरमलेला असतो. त्याला सुनावलंत तर तो कमीत कमी बोलून निघून जाईल, आणि पुढच्या घरासाठी लागणारी माहिती त्याच्यासोबत जाईल. त्या घरात कुत्रा तीन आठवडे राहिला आहे. त्याच्याविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते शेल्टरमधल्या कोणालाही नाही. मनापासून आभार माना आणि लिहून घ्या.

भुऱ्याच्या तिन्ही घरांना आम्ही पुन्हा फोन केले. पहिल्या घरात चौकट कुरतडली ती सगळे बाहेर पडल्यावर, आणि फक्त मुख्य दाराची. ठेवलेला खाऊ तसाच पडला होता. दुसऱ्या घरात उड्या मारायचा त्या फक्त कोणी बाहेरून आल्यावर. एरवी आजींच्या पायाशी झोपायचा. तिसऱ्या घरात कुत्रीला तो कधीच चावला नव्हता. दिवसभर तिच्या मागे मागे, तिच्या तोंडापाशी, ती झोपली की तिच्यावर. शेवटी ती गुरगुरायला लागली आणि घरच्यांना भीती वाटली.

तीन तक्रारी वेगळ्या, मुळाशी एकच गोष्ट. त्याला सोबतीशिवाय राहवत नव्हतं आणि सोबत मिळाली की सुटत नव्हती. आम्ही मात्र प्रत्येक वेळी वेगळं कारण लिहून फाईल बंद केली होती.

एकटेपणाची भीती की कंटाळा?

हे वेगळं ओळखता आलं पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत. कंटाळलेला कुत्रा थोडा वेळ झोपतो, मग उठून हाताला लागेल ते चघळतो: चप्पल, उशी, रिमोट. ठेवलेला खाऊ खातो. घाबरलेल्या कुत्र्याचा त्रास माणूस बाहेर पडल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. तो दार किंवा खिडकी खरवडतो, लाळ गाळतो, धापा टाकतो, विव्हळतो, शिकवलेला असूनही घरात शू करतो, आणि आवडता खाऊसुद्धा तोंडात घेत नाही. अंदाज बांधत बसू नका. फोन खोलीत ठेवून व्हिडिओ चालू करा, अर्धा तास बाहेर जा, मग बघा.

कंटाळ्यावर उपाय म्हणजे वास घेत फिरणं, चघळायच्या वस्तू, शोधून खायचा खाऊ. भीतीवर हे पुरत नाही. तिथे एकटं राहणं अगदी थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं, सुरुवातीला काही सेकंदांपासून, आणि कुत्रा घाबरायच्या आत परत येत. तोवर त्याला पूर्ण एकटं पडू द्यायचं नाही. भीती जास्त असेल तर पशुवैद्याशी औषधांबद्दल बोला. औषध देणं म्हणजे हार मानणं नव्हे. आणि अशा कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून जाऊ नका. दात आणि नखं मोडेपर्यंत गज ओढणारे कुत्रे मी पाहिले आहेत.

दोन रात्री बाहेर

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या गोष्टीचा. नवं घर शोधायच्या आधी भुऱ्याला एका स्वयंसेवकाच्या घरी दोन रात्री पाठवलं.

याचा कुत्र्याला त्रास होतो, आधी घर दाखवायचं आणि मग परत पिंजऱ्यात टाकायचं, असं बरेच जण म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. 2019 साली गंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 5 शेल्टरमधल्या 207 कुत्र्यांवर हेच तपासलं. एक-दोन रात्री घरी राहिलेल्या कुत्र्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण दाखवणारं संप्रेरक, त्या दिवसांत खाली आलं. परत आल्यावर ते आधीच्या पातळीला गेलं, पण त्याच्या वर चढलं नाही. दोन रात्रींची विश्रांती ही विश्रांतीच असते.

आमच्या दृष्टीने दुसरा फायदा मोठा. दोन रात्रींत जे कळतं ते शेल्टरच्या सहा महिन्यांत कळत नाही. त्या स्वयंसेवकाला आम्ही कौतुक लिहायला सांगितलं नाही, नोंदी ठेवायला सांगितल्या. रात्री कुठे झोपला? दाराची घंटा वाजली तेव्हा काय केलं? माणूस आंघोळीला गेला तेव्हा? टीव्ही, मिक्सर, जिना, लिफ्ट? कोणी जेवत असताना? किती वेळ काहीही न करता पडून राहू शकला? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भुऱ्याचं उत्तर होतं: माणूस त्याच खोलीत असेल तर तास दोन तास, खोली बदलली तर लगेच मागे.

शेल्टरमध्ये घेतलेल्या स्वभावचाचणीत पास झाला होता की, असं कोणी म्हणेल. या चाचण्यांवर फार भार टाकू नका. मुद्दाम डिवचून घेतलेल्या चाचणीत कुत्रा चिडला म्हणून तो घरातही चिडेल, हे सांगण्यात अशा चाचण्या नाणेफेकीपेक्षा फारशा सरस नाहीत, असं गॅरी पॅट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली यांनी 2016 साली मांडलं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: एकटेपणाची भीती चाचणीच्या खोलीत दिसणारच नाही, कारण तिथे माणूस असतो.

याच टप्प्यावर अंगदुखीही तपासून घ्या. कानातला संसर्ग, दुखरा दात, सांधे, लघवीचा संसर्ग. स्वभाव बदलला किंवा शिकवलेला कुत्रा घरात शू करतो अशी तक्रार आली की पहिला फोन पशुवैद्याला, शिकवणाऱ्याला नंतर.

जाहिरात नव्याने लिहिताना

जुनी ओळ काढून आम्ही हे लिहिलं: "भुऱ्या, अंदाजे दीड वर्ष. घरात शू करत नाही. रात्रभर शांत झोपतो, पण तुमच्याच खोलीत. सध्या एकटा दहा मिनिटांपेक्षा जास्त राहू शकत नाही, शिकतोय. कोणी बाहेरून आलं की उडी मारतो, तेव्हा घरात तोल जाणारी वयस्क माणसं किंवा रांगती मुलं नकोत. दुसरा कुत्रा नसलेलं घर हवं. दिवसभर कोणीतरी घरी असेल आणि आपल्या मागे मागे फिरणारी सावली ज्यांना आवडेल, त्यांनी यावं."

फोन कमी आले. आधी आठवड्याला पंधरा-वीस यायचे, आता तीन. पण तिघांनीही पहिला प्रश्न एकटं राहण्याबद्दल विचारला. असे तीन फोन आधीच्या वीसांपेक्षा कामाचे.

वय लिहिताना एक खुलासा जोडत जा. साधारण सहा महिने ते दीड-दोन वर्षं हे कुत्र्याचं अडनिडं वय. ल्युसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी 2020 साली दाखवलं की आठ महिन्यांचा कुत्रा पाच महिन्यांच्या मानाने स्वतःच्या माणसाचं कमी ऐकतो, आणि परक्याचं मात्र ऐकतो. नेणाऱ्याला हे आधी सांगितलं तर तो त्याला हट्टी म्हणून परत आणत नाही, ओसरायची वाट बघतो.

घराला काय विचारायचं

"तुम्हाला कुत्रे आवडतात का?" याला सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा कालचा दिवस विचारा. काल सकाळी घरात कोण होतं, दुपारी कोण, संध्याकाळी किती वाजता कोण आलं? गेल्या महिन्यात किती वेळा सगळे एकदम बाहेर होते? आजारी पडलात तर याला फिरवणार कोण? घर भाड्याचं असेल तर मालकाला सांगितलंय का? कुत्रा नेमकं काय करेल ते तुम्हाला सहन होणार नाही? या शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देणारी माणसं मला फार भरवशाची वाटतात.

मोठं अंगण हा मुद्दा मी आता जवळजवळ सोडून दिलाय. भुऱ्यासारखा कुत्रा अंगणात सोडला तर दाराशी बसून रडेल. दोन खोल्यांच्या घरात दिवसभर माणूस असेल तर तो तिथे सुखात राहील.

चांगल्या माणसांना नाही म्हणणं जड जातं. भुऱ्यासाठी एक गोड कुटुंब आलं होतं, दोघं नोकरीला, मुलं शाळेत. मी त्यांना सहा वर्षांची एक संथ कुत्री दाखवली, जी दुपारभर झोपते. ती गेली त्यांच्याकडे आणि अजून आहे.

पहिले दिवस

परत येण्याची बीजं बरेचदा इथेच पडतात, आणि चूक प्रेमापोटी होते. पहिल्याच संध्याकाळी नातेवाईक, शेजारी, मुलांचे मित्र, आंघोळ. कुत्रा गोंधळतो. जांभया देतो, जीभ ओठांवरून फिरवतो, तोंड वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. ही सगळी "थोडं थांबा" असं सांगायची त्याची रीत. ती कोणी वाचली नाही तर तो गुरगुरतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला फोन येतो की हा आक्रमक आहे.

म्हणून पहिला आठवडा पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, मिठ्या नाहीत, विशेषतः मुलांच्या. एक कोपरा त्याचा. बाहेर नेताना गळ्यातल्या पट्ट्याला आणि हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, अशा दोन दोऱ्या, कारण नवा कुत्रा घाबरून निसटण्याचा धोका याच दिवसांत सर्वाधिक. घरात आधीचा कुत्रा असेल तर पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही नसलेल्या जागी, दोन माणसांनी अंतर राखून एकाच दिशेने चालत. घरात आल्यावर भांडी, खेळणी उचलून ठेवायची. आणि झोपायला वेगळ्या जागा, जिथे एकाला दुसऱ्यापासून सुटता येईल. आम्ही तिसऱ्या घराला हे काहीच सांगितलं नव्हतं.

लोकांना सांगायला तीनाचा हिशोब सोयीचा पडतो: तीन दिवस बावरलेला, तीन आठवडे घराची रीत शिकणारा, तीन महिन्यांनी आपलासा. हा ठोकताळा आहे, प्रत्येक कुत्रा घड्याळ लावून चालत नाही. पण नवव्या दिवशी हताश झालेल्या माणसाला त्याने धीर येतो.

फोन तुम्ही करा

त्यांचा फोन यायची वाट बघू नका. तोवर बहुतेकदा निर्णय झालेला असतो. आम्ही दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी करतो. "कसं चाललंय?" विचारलं की "छान" ऐकू येतं. "काल एकटा किती वेळ होता आणि व्हिडिओत काय दिसलं?" विचारलं की खरं कळतं. भुऱ्या ज्या घरी आहे तिथल्या बाई घरून काम करतात. सातव्या दिवशी त्या रडवेल्या झाल्या होत्या, कचरा टाकायला गेल्या तरी तो ओरडत होता. त्यांना सल्ल्यापेक्षा सुटकेची जास्त गरज होती. आम्ही आठवड्यातून दोन दुपारी एक स्वयंसेवक त्यांच्याकडे पाठवला, महिनाभर. आता तो पाऊण तास एकटा झोपतो, त्यांच्या जुन्या शालीवर. उड्या अजून मारतो, पण आता आधी खेळणं शोधायला धावतो आणि तोंडात खेळणं असलं की पाय जमिनीवर राहतात.

इतकं करूनही कुत्रा परत आला तर त्याला थेट जुन्या पिंजऱ्यात टाकू नका. शक्य असेल तर आधी दोन रात्री फोस्टरकडे, म्हणजे कुत्र्याला तात्पुरतं घरी ठेवून घेणाऱ्या माणसाकडे. त्या घरातली त्याची चटई किंवा पांघरूण न धुता सोबत मागून घ्या. आणि परत आणणाऱ्यांना तिथेच बसवून, चहापाणी विचारून, तेच प्रश्न पुन्हा विचारा: कधी, कुठे, कोण होतं, त्याच्या आधी काय घडलं.